मन कोळपते तेव्हा

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी माझ्या मुरुडच्या दवाखान्यात एक आशाताई आल्या. जवळच्याच खेड्यातल्या. एरवी त्या दुसऱ्यांना घेऊन येतात. कधी गरोदर सून, कधी खोकणारा म्हातारा, आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत असतात. त्या दिवशी एकट्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, डोकं लई दुखायलंय, अंगात काय राह्यलंच न्हाई. एक ताकदीचं सलाईन लावा."

सलाईन म्हणजे मीठपाणी किंवा साखरपाणी. त्याने ताकद येत नाही, हे या सदरात मी इतक्या वेळा लिहिले आहे की वाचकांना ते पाठ झाले असेल. तरीही माणसे मागतातच, आणि आरोग्याचे काम करणारी बाईसुद्धा मागते, यावरून ती किती थकली असेल ते ओळखावे. मी तपासले. रक्तदाब थोडा वाढलेला होता. रक्त, साखर, थायरॉईड तपासून घेतले, तिन्ही ठीक निघाले. मग विचारले, "झोप लागते का?"

"झोप लागती, पण फोन वाजला की पोटात गोळा येतो. कुणाचा बी असू दे."

थोड्या वेळाने त्या आपणहून बोलू लागल्या. गावात एका बाळंतिणीचे बाळ कमी वजनाचे, दोन किलो चारशे ग्रॅमचे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. चौदाव्या दिवशी या गेल्याच नाहीत. घरात बसून राहिल्या. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. "न्हाई गेले त्याचं काय न्हाई साहेब," त्या म्हणाल्या, "पण न्हाई गेले आन मला कायच वाटलं न्हाई. त्याचंच भ्या वाटायलंय."

वाचकहो, आजच्या लेखाचा विषय या एका वाक्यात आहे.

उन्हाळी पिकाला वेळेवर पाणी मिळाले नाही की ते कोळपते, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. पीक मेलेले नसते. मुळाशी जीव असतो, पण पान करपते, मान टाकते. कामाने माणसाच्या मनाचे असेच होते. इंग्रजीत याला 'बर्नआऊट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून संध्याकाळी गोरगरिबांच्या मोफत दवाखान्यात काम करीत. मोठ्या उत्साहाने आलेले स्वयंसेवक काही महिन्यांत चिडचिडे, कोरडे आणि निरुत्साही होतात, हे त्यांनी तिथे पाहिले. त्यांचे स्वतःचेही तसेच झाले. १९७४ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि हा शब्द वैद्यकात आला. पुढे कॅलिफोर्नियातील क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी सुसान जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या यादीत याची व्याख्या दिली. ती यादी २०२२ पासून लागू झाली. संघटनेच्या मते हा रोग नव्हे, तर कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत. पहिले म्हणजे शक्ती संपल्यासारखी वाटणे. दुसरे, कामापासून मन तुटणे, म्हणजे त्याविषयी कडवटपणा किंवा बेपर्वाई येणे. तिसरे, आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटत राहणे. व्याख्या फक्त नोकरी-धंद्यापुरती आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सहा-सहा वर्षे सारे काही करणारी सून तिच्यात बसत नाही. मला विचाराल तर तिला बसवायला हवे होते. तिच्या कामाला रजा नाही, पगार नाही आणि बदलीही नाही.

या तीन लक्षणांत लोक पहिलेच तेवढे ओळखतात. थकलो म्हणतात, टॉनिक मागतात. माझ्या मते खरी खूण दुसरी आहे, आणि हे मी स्वतःवरून सांगतो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. किल्लारीचा तो भूकंप लातूर जिल्ह्यात आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ज्यांनी पाहिला, त्यांना काही सांगण्याची गरज नाही. मी तेव्हा नुकताच शासकीय नोकरीत लागलेला तरुण डॉक्टर होतो. मदतकार्यात माझीही नेमणूक झाली आणि काही आठवडे मी तिकडेच होतो. जे पाहिले ते लिहीत नाही. एवढेच सांगतो की तिथे असताना मी थकलो नाही. रडलोही नाही. सगळे म्हणत, डॉक्टर खंबीर आहेत.

त्रास सुरू झाला तो परत आल्यावर, आणि तो मला कळलाच नाही. काम करीत होतो, वेळेवर जात होतो. पण रुग्ण समोर बसला की त्याचा राग येई. एकदा एक म्हातारी गुडघे दुखतात म्हणून आली. मी तिला म्हणालो, "गुडघेच दुखतात ना? जिवंत आहेस ना?" ती काही बोलली नाही. चिठ्ठी घेतली आणि भिंतीला धरून बाहेर गेली. मला त्या क्षणी काहीही वाटले नाही. आमचे कंपाउंडर मामा वयाने माझ्या वडिलांएवढे होते. त्यांनी दार लावून घेतले आणि म्हणाले, "साहेब, तुमी आठ दिवस घरी जावा. आईच्या हातचं खावा. हितलं मी बघतो." मी त्यांच्यावरही चिडलो. पण गेलो. पहिले दोन दिवस नुसता झोपलो. तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हातारी आठवली आणि घास गिळेना. बरे व्हायला मात्र आठ दिवस नव्हे, काही महिने लागले. त्या म्हातारीची क्षमा मागायची राहून गेली. ती पुन्हा आली नाही.

म्हणून सांगतो, थकवा ओळखू आला नाही तरी चालेल, पण कोरडेपणा ओळखा. शिक्षकाला समोरची पोरे नुसता गोंधळ वाटू लागतात. कंडक्टरला म्हातारा प्रवासी दिसत नाही, सुट्ट्या पैशांची कटकट दिसते. परिचारिका रुग्णाचे नाव विसरून खाटेच्या नंबराने बोलते. पूर्वी ज्या कामाचा अभिमान होता त्याचीच टवाळी तोंडून निघू लागते. त्याच्या जोडीला रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधड, बारीकसारीक चुका, आणि तंबाखूची पुडी किंवा संध्याकाळची बाटली नकळत वाढणे. साधा थकवा दोन दिवसांच्या झोपेने जातो. हा सुटीवरून परत आल्यावर पहिल्याच तासात पुन्हा हजर असतो.

मात्र प्रत्येक थकव्याला हे नाव देऊ नका. स्त्रियांमध्ये रक्त कमी असणे, शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मधुमेह, रात्री घोरताना श्वास अडकणे, या साऱ्यांनी माणूस असाच गळून जातो. त्या तपासण्या आधी. दुसरे, नैराश्य. कोळपलेल्या माणसाचे मन कामावरून उडते, पण नातू मांडीवर आला की त्याला बरे वाटते. नैराश्यात नातू, सण, गोडधोड, कशातच रस राहत नाही. एक अवस्था दुसरीत उतरूही शकते. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस' ही सरकारची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, मराठीतही. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सकाळच्या एसटीने जाऊन तिथे दाखवता येते. तिथे जाणारा वेडा नसतो, हे आता तरी लिहावे लागू नये.

हे होते कशाने? कामाचे ओझे हे एक कारण, आणि ते लहान नाही. आठवड्याला पंचावन्न तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पस्तीस-चाळीस तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केले. पण नुसत्या ओझ्याने मन कोळपत नाही. सुगीत आपला शेतकरी चौदा-चौदा तास राबतो आणि रात्री हसतो. आपल्या कामावर आपली काहीच सत्ता नसणे, केलेल्या कामाची दाद न मिळणे, काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे होणे, सोबत बोलायला कोणी नसणे, आणि मनाला न पटणारे करावे लागणे, यांनी ते कोळपते.

आशाताईंचेच बघा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही योजना आली. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा. कागदावर ती स्वयंसेविका, म्हणजे नोकर नाही, म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. कोरोनाच्या साथीत सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली. तेव्हा घरोघर ताप आणि रक्तातील ऑक्सिजन मोजत हिंडणाऱ्या पथकांत याच बाया होत्या. काही दारांतून त्यांना पाणीही मिळाले नाही, साथ आणता म्हणून. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. मी माझ्या रुग्णबाईला त्या पुरस्काराचे सांगितले तर त्या म्हणाल्या, "व्हय, मोबाईलवर आलं होतं. त्याच दिवशी माहिती भरली न्हाई म्हणून बोलणी बी खाल्ली."

म्हणूनच अलीकडे ताणमुक्तीच्या कार्यशाळांचे जे पेव फुटले आहे, त्यावर माझा फारसा भरवसा नाही. प्राणायाम चांगला, मी स्वतः करतो. पण ज्याचा ताण रजा न मिळण्याचा आहे, त्याला रविवारी सक्तीने बोलावून 'ताण कसा घालवावा' हे शिकवणे म्हणजे त्याचा रविवारही घालवणे. पीक कोळपले तर पिकाला उपदेश करून भागत नाही.

त्या ताईंना मी सलाईन लावले नाही. तासभर बसवून घेतले. प्रथम कागद घेऊन त्यांच्याकडून त्यांची सगळी कामे लिहवून घेतली. वहीचे दोन कागद भरले. त्यांतली कोणती खरोखर आशाची आणि कोणती 'जाता जाता तेवढं करा' म्हणून चिकटलेली, यावर खूण केली. चिकटलेली सात निघाली. ती यादी घेऊन एकटीने नव्हे, तर शेजारच्या चार गावांच्या आशांनी मिळून गटप्रवर्तक बाईंशी बोलायचे आणि जे ठरेल ते लिहून घ्यायचे, असे सुचवले. एकटीचे गाऱ्हाणे म्हणजे कुरकुर समजतात. चौघींचे ऐकावे लागते. दुसरे म्हणजे रात्रीचा फोन. नऊनंतर तो नवऱ्याने उचलायचा, बाळंतकळा किंवा जिवावरचे असेल तरच त्यांना उठवायचे. नवऱ्याला मी बोलावून घेतले. भला माणूस निघाला, त्याला हे कुणी सांगितलेच नव्हते. आठवड्यातून एकदा बाजाराच्या दिवशी या चौघींनी अर्धा तास एकत्र चहा घ्यायचा, आणि त्यात आधी सुखदुःखाचे बोलायचे, अहवालाचे नाही. आठ दिवस घरी राहा म्हटले तर त्या हसल्या. त्यांना रजा नावाची गोष्टच नाही. मग शेजारच्या गावच्या आशाताईने दोन दिवस सांभाळायचे आणि पुढच्या महिन्यात यांनी तिचे, असे ठरले. रक्तदाबासाठी मीठ-लोणचे कमी करायला आणि रोज चालायला सांगणार होतो, पण त्या रोज किती चालतात हे ऐकून दुसरा सल्ला गिळला.

परवा त्या पुन्हा आल्या. रक्तदाब उतरला आहे. सातपैकी तीन कामे सुटली, चार अजून गळ्यात आहेत आणि मोबाईलमध्ये माहिती भरण्याचे काम तर वाढलेच आहे. त्यावर माझ्याजवळ औषध नाही, ते वरच्या कचेऱ्यांत आहे. डोकेदुखी आठवड्यातून एखादा दिवस असते. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "साहेब, ते बाळ हो. बेचाळिसाव्या दिवशी मोजलं. तीन किलो सहाशे भरलं."