भाकरी, वरण आणि अंबाडी : तामसीच्या एका ताटाचा अभ्यास

रोज जे खातो त्याचा अभ्यास करावा असे आपल्याला सहसा वाटत नाही. अभ्यास करावयाचा तो शिलालेखांचा, ताम्रपटांचा, फार तर लोकगीतांचा. जेवणाचा कसला अभ्यास, असा आपला समज असतो. परंतु जमीन, हवामान, सरकारी धोरण, भाषा आणि घरातल्या बाईचे श्रम हे सारे एका ताटात वाढलेले असते. या लेखात मी एकच गाव आणि एकच ताट घेतले आहे. गाव तामसी, जिल्हा आदिलाबाद. ताट ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी यांचे. तामसी हे माझे आजोळ असल्यामुळे हे ताट मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे.

गाव आणि सीमा

तामसीच्या उत्तरेला काही अंतरावर पैनगंगा वाहते आणि नदीपलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा लागतो. नदीच्या अलीकडचा हा मुलूख पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. २ जून २०१४ पासून तो तेलंगण राज्यात आहे. त्याच १९५६ साली बीदर, कलबुर्गी व रायचूर हे भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. म्हणून आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना तामसीचे ताट परके वाटणार नाही.

मराठी भाकरी ती कन्नड जोळद रोट्टी आणि तेलुगू जोन्न रोट्टे. आपण जिला अंबाडी म्हणतो तिला उत्तर कर्नाटकात पुंडी म्हणतात आणि तेलंगणात पुंटिकूर. आंबील हा शब्द तर तिन्ही भाषांत जवळजवळ सारखाच आहे. अंबाडीची पाने उकडून, त्यांत ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालून, वरून लसणाची फोडणी देण्याची रीत तामसीला जशी आहे तशीच कलबुर्गीकडेही आहे. नकाशावर रेघा ओढल्या गेल्या, पण चुलीपाशी त्या पोहोचल्या नाहीत. लेकी दिल्या-घेतल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर हाताची चवही नदीच्या अलीकडे-पलीकडे येत-जात राहिली.

भाकरीमागचे शास्त्र

गव्हाच्या पिठात ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ तयार होतो, त्यामुळे पोळी लाटता येते. ज्वारीत तो नसतो. मग भाकरी एकसंध राहते कशी? त्याचे उत्तर आधणाच्या पाण्यात आहे. पीठ कढत पाण्याने भिजवले म्हणजे त्यातील काही पिष्ट शिजून चिकट होते आणि तोच चिकटपणा पिठाला बांधून ठेवतो. त्यानंतर ते तळहाताने रगडून मळावे लागते. पीठ दळून बरेच दिवस झाले की भाकरी कडेने चिरते. तेव्हा आजी म्हणायची, “पिठाची विरी गेली.” म्हणूनच भाकरी खाणाऱ्या घरात दळण थोडे थोडे आणि वरचेवर करतात.

भाकरी तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवतात. त्याने वर राहिलेले कोरडे पीठ जिरते आणि पृष्ठभाग भेगाळत नाही. भाकरी उलटून नंतर निखाऱ्यावर धरली की आत कोंडलेली वाफ पापुद्रा वर उचलते आणि भाकरी टम्म फुगते. तो गरम पापुद्रा सोलून, त्यावर तेल आणि तिखट घालून चुलीसमोरच खाणे हा आम्हा मुलांचा मोठा सोहळा असे. पहिला पापुद्रा कोणाचा यावरून रोज भांडण होई. सकाळी उरलेल्या भाकरीचा फोडणी दिलेला कुस्करा किंवा ताकातला काला होई. टाकून देण्याचा प्रश्नच नसे.

ताटाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम, तंतू ३ ग्रॅमपेक्षा कमी आणि लोह १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते.

मात्र यावरून ज्वारी हे अमृत आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांत पूर्वी पेलाग्रा नावाचा रोग आढळत असे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब आणि मनाची विकलता ही त्याची लक्षणे. हैदराबादच्या सी. गोपालन आणि श्रीकांतिया या शास्त्रज्ञांनी १९६० साली या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या घटकाच्या जास्त प्रमाणाशी जोडला. त्या कारणमीमांसेवर पुढे मतभेद झाले. तरी नुसत्या भाकरीवर माणसाचे भागत नाही, एवढे निश्चित आहे.

येथेच ताटातले दुसरे दोन पदार्थ कामाला येतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी पडतो, तो तुरीत भरपूर असतो. तुरीत जे कमी असते ते धान्यातून मिळते. पालेभाजी जीवनसत्त्वे आणि क्षार देते. अंबाडीची पाने उकडून, पिळून ते पाणी टाकून देतात. त्यामुळे तिचा तीव्र आंबटपणा आणि ऑक्झॅलिक आम्लाचा काही अंश निघून जातो. जोडीला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड असली की लोह अंगी लागण्यास मदत होते. लायसिन हा शब्द आजीने कधी ऐकला नव्हता. पण “कोरडी भाकरी खाऊन उठू नको, वरण घे,” हे ती रोज बजावत असे.

ताट का मोडले

हे ताट आता तामसीत रोज दिसत नाही. आजोळच्या घरी दोन्ही वेळा भात शिजतो आणि भाकरी आठवड्यातून दोन-तीनदाच होते. याला कारणे अनेक आहेत. १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ देण्यास सुरुवात केली. उपाशी घरांना त्याचा मोठा आधार झाला, हे विसरून चालणार नाही. पण ज्वारीच्या प्रदेशातही भात रोजचा झाला. २०२५ पासून तेलंगणात रेशनवर बारीक तांदूळ मोफत मिळतो.

शेतातही बदल झाला. काळ्या जमिनीत कापसाने जोर धरला आणि २००२ साली बीटी कापसाला मान्यता मिळाल्यावर तो आणखी वाढला. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, कापणी-मळणीला माणसे लागतात. पूर्वी तिचा कडबा बैलांना होई. बैल कमी झाले तशी कडब्याची गरजही कमी झाली. तुरीच्या ओळी कपाशीत अजून दिसतात. अंबाडी मात्र बांधावरून हटत चालली आहे. गंमत अशी की कापूस, भेंडी आणि अंबाडी या तिघी एकाच कुळातल्या. थोरल्या बहिणीने धाकटीला घराबाहेर काढावे तसे झाले आहे.

तिसरे कारण आपण पुरुषमंडळी सहसा बोलत नाही. आठ माणसांच्या घरी वीस-बावीस भाकरी थापायच्या म्हणजे एका बाईने तासभर धगीपुढे बसायचे, आणि प्रत्येकाला गरम वाढून स्वतः शेवटी गार खायची. भात एकदा चुलीवर ठेवला की तिचे हात मोकळे होतात. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईने भात निवडला तर तिला दोष कसा द्यावा? “भाकरी सगळ्यांना पाहिजे, थापायला कोणी येत नाही,” हे माझ्या मामीचे वाक्य एखाद्या प्रबंधाच्या तोडीचे आहे.

उपाय कोणता?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हा शहरांतून ज्वारीचे कौतुक पुष्कळ झाले. पण कौतुकाने भाकरी थापली जात नाही. माझ्या मते दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. भात खावयाचा तर त्याच्याबरोबर वरण आणि पालेभाजी सोडू नये. त्या ताटातले शहाणपण केवळ भाकरीत नव्हते, तिघांच्या जोडीत होते. आणि ज्या घराला भाकरी हवी असेल, त्या घरातल्या मुलांनीही ती थापायला शिकावे. मी गेल्या उन्हाळ्यात शिकलो. माझ्या भाकरीला अजून गोल आकार येत नाही, पण ती फुगते, आणि मामी तोवर इतरांबरोबर पहिल्या पंगतीला बसून गरम भाकरी खाते.