साखर कमी टाकजा, वयनी

आईची शुगर निघाली तेव्हापासून आमच्या घरात साखर कमी झाली. रिठद हे रिसोड तालुक्यातलं, सोयाबीन-तुरीचं गाव. इथं कुणाच्या घरी चहाला नाही म्हटलं की त्या घराला नाही म्हटल्यासारखं होतं. या काळात जे उमगलं, ते लिहून ठेवतो आहे.

1. साखर सोडायला घरापेक्षा गावाची परवानगी जास्त लागते. "साखर कमी टाकजा, वयनी," असं ओसरीवरून म्हटलं की आतून विचारणा येते, "काऊन, शुगर हाय का तुमाले?" नाही म्हणावं, तर कप नेहमीसारखाच गोड येतो. आजार असल्याशिवाय गोड नाकारता येत नाही. पण त्या वयनीचा मला राग येत नाही. रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेली साखर ज्या घरांत जपून ठेवली जायची, घरच्यांनी गुळाचा चहा प्यायचा आणि पाहुण्याला साखरेचा द्यायचा, त्या घरांतला जास्तीचा चमचा हा मान होता. साखर स्वस्त झाली तरी मान तसाच राहिला. मधल्या काळात डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा जेवायची पद्धत गावोगाव पोचली. मूळ विचार आपल्या विदर्भातल्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. त्या पद्धतीवर आहारतज्ज्ञांत वाद झाले, त्यात मी पडत नाही. पण "मी दीक्षित करतो" म्हटलं की लोक आग्रह सोडायचे, हे मी पाहिलं आहे. नकाराला एक सभ्य कारण मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

2. हद्द फार लवकर संपते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, 5 टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी बरं. मोठ्या माणसासाठी 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम. एका लहान चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. दोन चमच्यांचा कप धरला तर तिसऱ्या कपाशी मामला आटोपतो, आणि गावात तिसरा कप दुपारच्या आधीच होतो. कोलाची 300 मिलीची बाटली एकटीच 30 ग्रॅमच्या पुढे जाते. लग्नाच्या मांडवात लेकरांच्या हातात त्या बाटल्या दिसल्या की मला आता गप्प राहवत नाही.

3. "म्या एवढं गोड कुठं खाल्लं?" हा आईचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागला. तिला आपण काही गुन्हा केला असं वाटत होतं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: घराण्यातला वारसा, वय, पोटाभोवती वाढलेली चरबी, कमी झालेलं चालणं, या सगळ्यांचा तो मेळ असतो. साखरेनं वजन वाढतं, यकृतात चरबी साठायला हातभार लागतो, दात किडतात. पण एकट्या साखरेवर आळ घेऊन चालत नाही. भाताची, पोळीचीही शेवटी रक्तात साखरच होते. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज मांडला, आणि त्याहून जास्त, सुमारे 13.6 कोटी लोक उंबरठ्यावर. एवढी माणसं काही एकाच वेळी हावरट झालेली नाहीत.

4. गूळ हा सुटकेचा रस्ता नाही. हे मान्य करणं जड गेलं, कारण गुळावर आमची माया. त्याला चव आहे, थोडी खनिजं आहेत, पण त्यातला मोठा भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो जवळपास तशीच वाढवतो. आता आखाजीला, पोळ्याला पुरणाची पोळी होते, आई अर्धी खाते आणि मन लावून खाते.

5. जीभ शिकते. अर्धा चमचा, मग पाव, असं हळूहळू उतरवलं. काही आठवड्यांनी आलं आणि गवती चहा वेगवेगळे लागायला लागले. भाकरी सावकाश चावली की तिचाही गोडवा कळतो, हे मला नव्यानं समजलं.

6. साखरेचा डबा घराबाहेर काढायचा नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्या माणसाची साखर एकदम खाली येऊ शकते: घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं अडखळतं. माणूस शुद्धीवर असेल तर तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची. जिला रोज टाळायचं, तीच त्या घडीला जीव सांभाळते. आई वावरात निघाली की तिच्या पदराला साखरेची पुडी बांधलेली असते.

7. सगळ्यांना एकच सल्ला देता येत नाही. सोंगणीच्या दिवसांत गुत्त्यानं आलेल्या बाया पहाटे घरचं आवरून, बरेचदा काही न खाता निघतात. धुऱ्यावर येणारा गोड चहा हीच त्यांची पहिली शिदोरी. त्यांच्या किटलीतली साखर मी कमी करायला सांगितली नाही, सांगणारही नाही. आम्ही चहासोबत फुटाणे आणि भाकरी-ठेचा न्यायला लागलो. पोटात आधी काही गेलं की दुसरा चहा त्या स्वतःच अर्धा घेतात. सोंगणी लवकर उरकायची असते, त्यामुळे खायला बसायचा वेळ मालकानं द्यावा लागतो. तो आम्ही देतो, आणि बाजूच्या वावरवाल्यांनाही द्यायला सांगतो.