श्रावणातलं एक काम : बाबांच्या गरीची मूठ

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या गुरुवारी सत्संगानंतर दोघी-तिघींनी विचारलं, "काकी, ती गरीची काठी तुम्ही घरीच कशी नीट केलीत?" म्हणून आजचा पाठ त्याचाच. ज्यांनी मासे सोडलेत त्यांनीही वाचायला हरकत नाही, बुचाच्या कुठल्याही मुठीला हीच रीत चालते.

आमच्या पेडण्याच्या घरी सासऱ्यांची, म्हणजे बाबांची, फायबरची काठी आहे. दिरांनी फार वर्षांपूर्वी आखातातून आणलेली. तेरेखोल नदीच्या मुखाशी, केरीच्या बाजूला बसून बाबा तिने गरवत आले. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, त्या दिवसांत तर बाबांच्या गरीला घरात भलताच मान. एखादी तांबोशी, कधी नशिबाने चणक. श्रावण लागला की आमच्याकडे मासे बंद आणि काठी भिंतीला, ती चवथ होईपर्यंत.

यंदा आषाढात रिळाची जागा हातातल्या हातात गर्रकन फिरली, तोल गेला आणि बाबा खडकावर पडले. मनगट सुजलं, तेवढ्यावर निभावलं. वय ७८. घरात सगळ्यांनी ठरवलं, काठी माळ्यावर टाकायची. बाबा काही बोलले नाहीत, पण जेवायला उशिरा येऊ लागले, अर्धी भाकरी पानात राहू लागली. नवी आणूया म्हटलं तर एवढंच, "म्हाका नवी नाका."

खरं सांगायचं तर चूक आमचीच. दोन वर्षांपूर्वी मुठीचं बूच झडायला लागलं तेव्हा आम्ही वरून काळी टेप गुंडाळली आणि काम झालं म्हणून मोकळे झालो. टेपखाली खारं पाणी शिरत राहिलं, आतला गोंद सुटला. वरून मात्र मूठ छान दिसत होती.

आमचं माहेर डिचोलीचं. मये तळ्याकाठी मुलं बांबूच्या काठीला दोरी बांधून गरवायची. त्या काठीला वेगळी मूठ नसते, मोडली तर दुसरी तोडायची. या काठीचं तसं नाही. मूठ म्हणजे बुचाच्या चकत्या एकीला एक चिकटवून दांडीवर बसवलेल्या. बूच ही एका ओक जातीच्या झाडाची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालात होतं. झाड साधारण २५ वर्षांचं झाल्यावर पहिली साल काढतात, मग दर नऊ वर्षांनी, झाड न तोडता. (आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचं बुचाचं झाड आहे ते वेगळं.) आत हवेचे बारीक बंद कप्पे असतात, म्हणून बूच हलकं, आणि ओल्या हातातही सहसा निसटत नाही.

आता काम. आधी दोष कुठे आहे ते बघायचं. एकाने दांडी धरायची, दुसऱ्याने मूठ पिळायची. करकर आवाज आला तर गोंद गेलेला. आमची रिळाच्या खालची मूठ पूर्ण गेली होती, वरच्या भागाला नुसते खड्डे होते. टेप सोलली, चिकटा स्पिरिटने पुसला. खोबरेल लावू नका, पुढे गोंद धरत नाही. कुजलेलं बूच सुरीने उभं चिरून काढलं. सुरीची धार दांडीला लागता कामा नये, फायबरवर ओरखडा पडला की काठी तिथूनच मोडते. मग सैल झालेली रिळाची जागा खालून ओढून काढता आली.

नवीन बूच कुठून आणायचं? बाटलीची बुचं बारीक पडली. शेवटी पुतण्याची योगासनाची बुचाची वीट कामी आली (त्याची परवानगी जावेने नंतर घेतली). हॅक्सॉने बोटभर जाड चकत्या कापल्या, मधे भोक पाडलं आणि गोल कानशीने दांडीच्या मापाचं केलं. कापताना पडलेला भुसा वाटीत जपून ठेवला.

रिळाची जागा आणि दांडी यांच्यामध्ये फट होती, तीच खरी गुन्हेगार. तिथे सुती दोरा घट्ट गुंडाळला, दोन ट्यूबचं अ‍ॅराल्डाइट दोऱ्यात मुरवलं आणि जागा परत चढवली. काठीवरच्या दोरीच्या कड्या आणि रीळ एका रेषेत आहेत ना, हे गोंद ओला असतानाच डोळ्यासमोर धरून पाहायचं. खालून एकेक चकती गोंद लावून सरकवली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. पहिल्या वेळी आम्ही दोन ट्यूब अंदाजाने पिळल्या, तीन दिवसांनीही मूठ चिकट! सगळं खरवडून पुन्हा केलं. दोन्ही भाग अगदी समान हवेत, आणि श्रावणाच्या दमट हवेत दोन दिवस तरी हात लावायचा नाही.

वरचे खड्डे भुसा आणि अ‍ॅराल्डाइट कालवून भरले. मग पॉलिश पेपर, आधी ८० नंबर, मग १५०, शेवटी ३२०. दांडीला कागदी टेप आणि आपल्या नाकाला रुमाल.

किती बारीक घासायची यावर आम्ही अडलो. बाबांची शेवटची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. म्हणून मुठीवर घट्ट कणीक थापली आणि त्यांना म्हटलं, "बाबा, नेहमीसारखी धरा बघू." करंगळीकडचा ठसा अगदी उथळ आला. बारीक मूठ आवळायला अशा हाताला जास्त जोर लागतो, म्हणून ती बाजू जाडच ठेवली. कणकेकडे बघून बाबा म्हणाले, "आणि रात्री हिच्याच भाकऱ्या की काय?" कितीतरी दिवसांनी त्यांनी असं काही म्हटलं.

जावेने दांडी धरली, पुतण्याने दात-ओठ खाऊन मूठ पिळली. हलली नाही.

काठी आता पुन्हा भिंतीला आहे. चवथीनंतर बाबा जातील, पण खडकावर नाही आणि एकटे नाही, हे आम्ही कबूल करून घेतलं. त्यांचीही एक अट आहे. पुतण्याने सोबत यावं, डबा धरावा, पण काठीला हात लावायचा नाही.