नदीकाठच्या शिबिराची पूर्वतयारी

नदीकाठच्या जंगलात दोन रात्री मुक्काम करावयाचा आहे, अशी नुसती कुणकुण वर्गात लागली की विद्यार्थ्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर याद्या दिसू लागतात. त्यांत चिवडा असतो, पत्त्यांचा जोड असतो, भेंड्यांसाठी गटांची नावे असतात आणि ‘बॅटरी’ हा शब्द हमखास दोनदा लिहिलेला असतो. या याद्यांना आम्ही कधी हसत नाही. उत्साह हा प्रवासाचा पहिला शिधा होय. परंतु सामानाची यादी म्हणजे शिबिराचे नियोजन नव्हे, हे आम्हांला एका संध्याकाळी फार लाजिरवाण्या रीतीने कळले. तो धडा विद्यार्थ्यांच्या, आणि त्यांना परवानगी देणाऱ्या पालकांच्याही, उपयोगी पडावा म्हणून येथे मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी चाळीस विद्यार्थी व पाच मोठी माणसे असे आम्ही बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर या मार्गाने गणेशगुडीच्या बाजूस गेलो होतो. काळी नदीच्या काठी, दाट झाडीत मुक्कामाची जागा होती. तंबू उंचावर होते. त्याविषयी कसलीच तक्रार नव्हती. काठापासून वीस-पंचवीस पावलांवर नदीच्या पात्रात एक प्रशस्त खडक होता आणि तेथवर जाण्यास घोट्याएवढेच पाणी होते. भांडी घासण्यास ती जागा आम्हीच नेमून दिली. दिवेलागणीच्या सुमारास आठवीतील दोन विद्यार्थी पातेली घेऊन खडकावर गेले. आकाश निरभ्र होते. पावसाचा मागमूस नव्हता. अर्ध्या तासाने हाका ऐकू आल्या. धावत काठावर जाऊन पाहतो तो घोट्याएवढे पाणी मांडीपर्यंत चढलेले, त्याला जोराची ओढ लागलेली, आणि दोघे मुलगे एकमेकांचे हात धरून खडकाच्या टोकावर उभे!

आमच्यापैकी कोणासही काय करावे हे सुचेना. तेवढ्यात जवळच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ एका तरुणास घेऊन आले. त्यांच्याजवळ लांब दोर होता. दोराचे एक टोक त्यांनी काठावरच्या झाडास बांधले, दुसरे तरुणाच्या कमरेस. पाण्याची ओढ ओळखून तो तरुण वरच्या अंगाने तिरपा उतरला आणि एकेका मुलास घेऊन परतला. पातेली गेली, मुले आली. दोराची वेटोळी करता करता ते वृद्ध गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, न्हंय न्हिदना.”

आमची घरची बोली कोंकणी. नदी झोपत नाही, हा त्या शब्दांचा अर्थ आम्हांला कोणी सांगावयास नको होता. त्यांत रागाचा लेशही नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. दुपारपासून ते गृहस्थ आमच्या तंबूंवरून तीनदा गेले होते. त्यांची आणि आमची भाषा एक. तरीही ‘येथले पाणी केव्हा चढते?’ एवढा एक प्रश्न आम्ही त्यांना विचारला नव्हता. आमच्या यादीत मिठापासून सुईदोऱ्यापर्यंत सर्व काही होते. तो प्रश्न मात्र नव्हता.

पाणी का चढले?

काळी नदी उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्रास मिळते. गणेशगुडी येथे तिच्यावर १०१ मीटर उंचीचे सुपा धरण आहे. ते १९८७ मध्ये पूर्ण झाले. जुने सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयडा येथे आले. धरणाच्या पायथ्याशी वीजगृह आहे. विजेची मागणी वाढली की तेथील जनित्रे चालू होतात, आणि ती फिरविणारे पाणी खालच्या पात्रात येते. मागणी उतरली की पाणीही ओसरते. मागणी वाढते ती बहुधा संध्याकाळी, दिवे लागतात तेव्हा.

पुराचा संबंध पावसाशी आहे, एवढेच आपण भूगोलाच्या पुस्तकावरून समजून असतो. धरणाखालच्या नदीला हा नियम अपुरा पडतो. आपण घरी दिव्याचे बटण दाबतो, त्या वेळी कोठे तरी एखाद्या नदीचे पाणी चढत असते. ही गोष्ट ज्याच्या ध्यानी राहील तो कोरड्या खडकाच्या रूपास भुलणार नाही.

जागेची निवड

म्हणून शिबिराचे नियोजन सामानापासून नव्हे, नदीपासून सुरू करावे. शक्य तर दोन शिक्षकांनी आधी एकदा जाऊन जागा पाहावी. नदीच्या वरच्या अंगास धरण आहे काय? पाणी सोडण्याच्या वेळा कोणत्या? मोठा पूर आला तेव्हा पाणी कोठवर आले होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कार्यालयात मिळतील; तिसऱ्याचे उत्तर वाडीतील माणसे हाताने दाखवून देतील. झाडांच्या फांद्यांत अडकलेले गवत, काटक्या व चिंध्या याही पुराच्या खुणाच असतात. तंबू त्या खुणांच्या पुष्कळ वर असावेत. वाळलेल्या फांद्यांच्या झाडाखाली व ओढ्याच्या मुखाशी ते कधीही ठोकू नयेत. धोक्याचा भोंगा वाजेल या भरवशावरही राहू नये. वाऱ्याची दिशा उलटी असेल आणि मुले गात असतील, तर भोंगा ऐकू येत नाही.

पाण्याच्या कडेला एक काठी रोवावी. तिच्यावर चार-चार बोटांच्या अंतरावर रंगाच्या खुणा कराव्यात. दोघांची जोडी दर पंधरा मिनिटांनी ती पाहील आणि वहीत वेळ व खूण लिहील. एक खूण जरी बुडाली तरी शिट्टी वाजवावी, आणि शिट्टी वाजताच सर्वांनी, हातातील भांडे तेथेच टाकून, वर यावे. भांडे पुन्हा विकत मिळते.

काळीच्या पात्रात, विशेषतः दांडेलीच्या परिसरात, मगरी आहेत. तेव्हा पोहणे, पाण्यात पाय सोडून बसणे व काठावर मासळीची घाण टाकणे या तिन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

ऋतू, परवानगी आणि आरोग्य

या भागातील अरण्य १९५६ मध्ये दांडेली अभयारण्य म्हणून घोषित झाले. २००७ मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यानासह ते व्याघ्र प्रकल्प बनले आणि २०१५ पासून त्या प्रकल्पास काळी नदीचेच नाव आहे. तेथे वाघ, काळा बिबट्या, अस्वल, गवा, शेकरू आणि धनेश यांची वस्ती आहे. आपण तेथे पाहुणे आहोत. वनखात्याची लेखी परवानगी, नेमून दिलेल्या जागेतच मुक्काम आणि रात्री तंबूंच्या कक्षेबाहेर न जाणे, ही पाहुण्याची रीत होय.

ऋतू निवडताना थंडी-पावसाइतकाच माकडतापाचाही विचार करावा. हा रोग प्रथम १९५७ मध्ये शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात ओळखला गेला. पुढे उत्तर कन्नडात आणि गोव्याच्या सत्तरी भागातही त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि डिसेंबर ते मे या काळात त्याचे रुग्ण अधिक सापडतात. म्हणून आम्ही नोव्हेंबर महिना पसंत करतो आणि तरीही निघण्यापूर्वी तेथील आरोग्य केंद्रास दूरध्वनी करतो. जवळपास माकडे मेल्याची वार्ता असेल तर बेत रहित करावा. त्यात कमीपणा नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी, विजारीची टोके मोज्यांत खोचावीत, पालापाचोळ्यावर बसू नये, आणि संध्याकाळी अंग तपासून साबणाने स्नान करावे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर आपण जंगलात राहून आलो आहोत हे डॉक्टरांना आधी सांगावे.

सर्पदंशाची औषधे असलेले रुग्णालय कोठे आहे, तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो आणि रात्री कोणते वाहन हाताशी राहील, हे जाण्यापूर्वी ठरलेले असावे. दंश झालाच तर जखम कापणे, चोखणे वा आवळपट्टी बांधणे यांपैकी काहीही करू नये. रुग्णास धीर द्यावा, तो अवयव हलू देऊ नये व थेट रुग्णालय गाठावे. मोबाईल जंगलात चालेलच असे नाही. म्हणून महत्त्वाचे सर्व क्रमांक कागदावरही हवेत.

पाणी आणि शिधा

पंचेचाळीस माणसांचा हिशेब आम्ही नववीच्या वर्गास गणित म्हणून घातला. पहिल्या दिवसाची दुपार घरच्या शिदोरीवर. मग जेवणे उरली चार. माणशी एका वेळेस १२० ग्रॅम तांदूळ धरला तर चार जेवणांस २१.६ किलो, म्हणजे बावीस किलो तांदूळ लागतो. ५० ग्रॅमप्रमाणे डाळ नऊ किलो. आणि दोन सकाळच्या पोह्यांस माणशी ७५ ग्रॅमप्रमाणे सुमारे सात किलो पोहे.

खरी मौज पाण्याच्या हिशेबात झाली. पिण्यास माणशी तीन लिटर, म्हणजे दिवसास १३५ लिटर. नदीचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी आधी गाळावे, आणि खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळू द्यावे. २५ अंशांचे पाणी १०० अंशांवर न्यावयाचे, म्हणजे १३५ गुणिले ७५, अर्थात १०,१२५ किलोकॅलरी उष्णता. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात; पण उघड्यावर निम्मी उष्णता वाया जाते असे धरल्यास, नुसत्या पाण्यासाठी दिवसाला जवळजवळ दोन किलो गॅस लागतो. ‘म्हणजे सर, चहापेक्षा पाणीच महाग!’ असा शेरा मागच्या बाकावरून आला, आणि तो अगदी बरोबर होता. जंगलातील लाकूड तोडणे वा वेचणे आम्ही वर्ज्य मानतो. म्हणून गॅसचा हा हिशेब चुकून चालत नाही.

भांडी आता आम्ही काठापासून दूर, बादलीत पाणी आणून घासतो. साबणाचे पाणी नदीत जात नाही. शौचालयाची सोय नसेल तर पाण्यापासून साठ मीटर दूर खड्डे घ्यावेत व माती लोटावी. जो कचरा आपण नेला तो आपणच परत आणावा. काळीच्या काठी खाली अनेक गावे आहेत. आपण तोंड धुतो ते पाणी पुढे कोणाच्या तरी घागरीत जाते.

कामाची वाटणी

शेवटची गोष्ट म्हणजे नावे. ‘पाण्यावर लक्ष ठेवावे’ असे लिहिले तर लक्ष कोणीच ठेवीत नाही. ‘सहा ते आठ, अमुक आणि अमुक’ असे लिहिले तर ते ठेवले जाते. पाणी, स्वयंपाक, औषध, स्वच्छता व रात्रीचा पहारा असे पाच गट करावेत, आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठे माणूस असावे. प्रत्येक विद्यार्थ्यास क्रमांक व एक जोडीदार द्यावा. दर तासाने क्रमांक मोजावेत. जोडीतील एक जण दिसला आणि दुसरा दिसला नाही, तर मोजणी संपण्याची वाट पाहू नये.

त्या प्रसंगानंतर पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा त्याच काठावर गेलो. पालकांची मने वळविणे सोपे नव्हते. आम्ही त्यांच्यापुढे घडलेले सारे सांगितले आणि नवे नियोजन वाचून दाखविले. गेल्यावर प्रथम वाडीत जाऊन त्या वृद्ध गृहस्थांना भेटलो. त्यांनी काठी कोठे रोवावी ती जागा स्वतः येऊन दाखविली. खडकावर अडकलेल्या दोघांपैकी एक, जो आता नववीत होता, त्याने काठीची पहिली पाळी मागून घेतली. भेंड्यांना रंग चढला, मित्र बोलावू लागले, तरी तो तेथून हलला नाही. सातच्या सुमारास त्याची शिट्टी वाजली. पहिली खूण बुडाली होती. सर्व मुले वरच होती. त्याने वेळ लिहिली, वही पुढच्या जोडीच्या हाती दिली आणि तो जेवावयास आला. बाकी त्या रात्री सांगण्यासारखे काहीही घडले नाही. त्यासाठीच तर एवढा खटाटोप केला होता.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, यंदाच्या याद्यांत चिवडा अवश्य लिहा. बॅटरी दोनदा लिहिली तरी चालेल. मात्र पहिली ओळ मोकळी ठेवा आणि तेथे त्या गावच्या माणसांना काय काय विचारावयाचे ते लिहा.