धुळीचे माप आणि मापाची पारख

विडीच्या तंबाखूची पेठ म्हणून निपाणीचे नाव सर्वत्र झाले. वखारीत वाळलेला पाला कुटताना व चाळताना जी भुकटी उडते, ती तेथे राबणाऱ्या माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, नाकातोंडात जाते. नवख्या माणसास तर दारातच ठसका लागतो. परंतु हवेत धूळ किती, हे ठसक्यावरून ठरविता येत नाही. त्यासाठी मोजमाप हवे. आणि ते माप खरे की खोटे, हेही पारखावयास हवे. ह्या पारखण्याचाच आपण येथे विचार करू.

धूळ गोळा करणाऱ्या साधनाची रचना साधी असते. कामगाराच्या कमरेस एक लहान पंप बांधतात. त्याची नळी गळ्याजवळ लावलेल्या डबीस जोडलेली असते आणि डबीत आधी तोललेला गाळणकागद असतो. पंप दर मिनिटास २ लिटर हवा ओढत असेल, तर ८ तासांत ९६० लिटर, म्हणजे ०.९६ घनमीटर हवा कागदातून जाईल. समजा, कागदाचे वजन १.९२ मिलिग्रॅमने वाढले. तर दर घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम धूळ आहे, असा हिशेब निघतो.

हिशेब बिनचूक असूनही उत्तर चुकीचे असू शकते. ते कसे? खळ्यावर धान्य वारवताना वारा भुसकट दूर नेतो आणि दाणे जवळच खाली पडतात, हे आपण पाहतो. हवा वळली की हलका कण तिच्याबरोबर वळतो. जड कण जडत्वामुळे आपली वाट सोडीत नाही. डबीच्या तोंडाशी अशीच वारवणी घडते. तोंड वाऱ्यासमोर असून आतील ओढ वाऱ्याहून मंद असेल, तर काही हवा बाजूने निघून जाते, पण तिच्यातील जड कण सरळ आत शिरतात; माप वाजवीपेक्षा जास्त येते. ओढ वाऱ्याहून वेगवान असेल, तर बाजूची हवा आत वळते, पण तिच्यातील जड कण निसटतात. माप कमी येते.

म्हणून साधनाची परीक्षा वातविवरात, म्हणजे ठरावीक वेगाचा वारा खेळविणाऱ्या बोगद्यात घेतात. तेथे ठरावीक आकाराचे कण सोडतात. वाऱ्यासमोर धरलेल्या पातळ काठाच्या नळीतून वाऱ्याच्याच वेगाने हवा ओढली, तर हवेस तोंडाशी वळावे लागत नाही. म्हणून त्या नळीचे माप प्रमाण मानतात. साधनाच्या मापास ह्या मापाने भागले की त्या आकाराच्या कणांपुरती त्याची कार्यक्षमता कळते.

आपले नाकही सर्व कण ओढून घेत नाही. १९९५ च्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० मायक्रॉनचे सुमारे निम्मे कण श्वासात जातात असे धरले आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फुप्फुसाच्या खोल भागाकरिता निम्म्याची हीच मर्यादा ४ मायक्रॉन आहे. एडिंबरो येथील व्यावसायिक आरोग्य संस्थेतील मार्क व व्हिन्सेंट ह्यांनी १९८६ साली जी डबी प्रसिद्ध केली, तिचे तोंड माणसाच्या श्वासाशी जुळेल असेच योजलेले आहे.

ह्याखेरीज पावसाळ्यात कागद ओलावा शोषून जड होतो. म्हणून हवा न ओढलेला एक कोरा कागदही बरोबर तोलतात. पंपाची ओढ कामापूर्वी व कामानंतर तपासतात.

आता वरचे उदाहरण पुन्हा पाहू. ती डबी श्वासात जाणाऱ्या धुळीपैकी निम्मीच पकडीत असेल, तर खरे प्रमाण २ नसून ४ मिलिग्रॅम होय. कागदावर वखार निर्धोक ठरेल, आणि उरलेली धूळ कामगाराच्या छातीत जमेल. बाजारातील तराजू तपासून त्यावर शिक्का मारतात, कारण शेतकऱ्याच्या मालाचे मोल त्यावर ठरते. श्वासाचे मोल त्याहून मोठे. त्याचा तराजूही पारखूनच घ्यावा.