कोलाचे व्यसन आणि कोवळे वय

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा रोज दोन-तीन बाटल्या कोला पितो. त्याने खरोखर अपाय होतो का? (एक भगिनी, सोलापूर)

उत्तर : भगिनी, आपली चिंता साधार आहे. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे सात-आठ चमचे साखर विरघळलेली असते; आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी दैनिक मर्यादा अधिक हितावह मानली ती सुमारे २५ ग्रॅमांची असल्याने, पहिल्याच बाटलीत तिचे उल्लंघन होते. घन अन्नाने जी तृप्ती येते ती या द्रवरूप साखरेने येत नाही, म्हणून जेवण त्या मानाने कमी होत नाही. आणि साखरेतील फ्रुक्टोज या घटकाचे, तो अतिरिक्त झाल्यास, यकृतात मेदामध्ये रूपांतर होऊन स्थूलता, मधुमेह व यकृताचा मेदविकार यांची पायाभरणी, बाहेरून काहीही लक्षण न दिसता, वर्षानुवर्षे चालू राहते. मला सर्वांत गंभीर वाटते ते हेच.

दातांसाठी साखरविरहित कोलाही निर्दोष नव्हे, कारण त्यातील आम्लानेही दातांचे कवच झिजते. घोट घोट घेत तासभर बाटली पुरवणे विशेष घातक. प्यायल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी.

एकदम बंदीचा हुकूम फर्मावू नका. मात्र घरातील बाटल्यांचा साठा बंद करा, तहानेला पाणी वा ताक द्या, आणि त्याला वारंवार लघवी होत असेल, तहान भागत नसेल किंवा वजन अकारण घटत असेल, तर रक्तातील साखरेची तपासणी विनाविलंब करवून घ्या.