माकडहाडाजवळचा नाडीव्रण : किशोरवयातील शस्त्रक्रियांचा तौलनिक विचार

विनयपिटकातील महावग्गात राजा बिंबिसाराच्या भगंदराची कथा आहे. वस्त्रावरील रक्ताचे डाग पाहून राण्यांनी थट्टा केली, राजा लज्जित झाला. परंतु त्याने दुखणे लपविले नाही, वैद्य शोधावयास सांगितले. जीवकाने लेप लावून त्यास बरे केले. भगंदराहून भिन्न, पण तितक्याच संकोचाच्या जागेचा एक विकार आपल्या किशोरवयीन मुलामुलींत आढळतो. त्याचा येथे विचार करू.

माकडहाडावर, नितंबांमधील खाचेत फोड येतो, फुटतो, सुकतो व पुन्हा वाहतो. यास ‘पायलोनिडल सायनस’ म्हणतात. लॅटिनमध्ये ‘पायलस’ म्हणजे केस, ‘नायडस’ म्हणजे घरटे. १८८० मध्ये हॉजेस यांनी हे नाव दिले. गळालेले केस सूक्ष्म छिद्रांतून त्वचेत शिरतात व तेथे जंतुसंसर्ग होऊन नळीसारखा मार्ग बनतो. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ८०,००० अमेरिकी सैनिकांना यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्यावरून ‘जीप रोग’ हे नाव पडले.

उपचारांचे मुख्य प्रकार असे :

१) पू काढणे : गळू ठणकत असता चीर देणे आवश्यकच, मात्र आजार अनेकदा परततो.

२) संपूर्ण भाग कापून जखम उघडी ठेवणे : तंत्र सोपे, परंतु जखम भरण्यास कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात व वारंवार मलमपट्टी करावी लागते. दहावीच्या विद्यार्थ्यास हे फार महाग पडते.

३) मध्यरेषेवर टाके घालणे : जखम लवकर भरेल असे वाटते; पण खाचेतील ओल व ताण यांमुळे टाके उसवण्याचे व आजार परतण्याचे प्रमाण अधिक. म्हणून ही पद्धत मागे पडत आहे.

४) मध्यरेषेबाहेर टाके : कॅरिडाकिस, लिंबर्ग व बॅस्कम यांच्या पद्धतींत खाच उथळ केली जाते. आजार परतण्याचे प्रमाण कमी; मात्र शस्त्रक्रिया मोठी, व्रण ठळक व कुशल हात आवश्यक.

५) लहान छेदाची शस्त्रक्रिया : केवळ छिद्रे कोरून मार्ग स्वच्छ केला जातो, दुर्बिणीनेही हे साधते. विद्यार्थी थोड्या दिवसांत वर्गात परततो. आजार परतण्याची शक्यता मोठ्या शस्त्रक्रियेहून काहीशी अधिक; परंतु हीच क्रिया पुन्हा करता येते. साध्या, प्रथमच उद्भवलेल्या आजारात म्हणूनच प्रथम हिचा विचार व्हावा. वारंवार परतणाऱ्या आजारात चौथा प्रकार उचित.

शस्त्रक्रिया कोणतीही असो, केसांचा बंदोबस्त हवाच. अमेरिकेत ११ ते २१ वयोगटातील ३०२ रुग्णांच्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारास लेझरने केस काढण्याची जोड दिलेल्यांपैकी १०.४ टक्क्यांना वर्षभरात आजार पुन्हा झाला; जोड न दिलेल्यांत हे प्रमाण ३३.६ टक्के होते.

आपल्या भागात हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय व नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे शल्यचिकित्सकांचा सल्ला घेता येतो. पालकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : जखम भरण्यास किती दिवस लागतील? टाके मध्यरेषेवर की बाजूस? मलमपट्टी कोण करणार? सरकारी आरोग्य योजनेचा लाभ मिळेल काय, हे आरोग्यमित्रास आधीच विचारावे.

वसतिगृहातील मूल बाकावर एका कुशीवर बसू लागले, कपड्यांवरील डाग लपवू लागले, तर गृहपालांनी रागावू नये. एकांतात आपुलकीने विचारावे. वेळीच बोललेले मूल बहुधा लहान शस्त्रक्रियेवर सुटते.